'सफारी' आणि तिचे वाटाडे

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील मार्गदर्शित वन्यजीव-सफारीचा इतिहास बहुधा शिकारी, प्रवासी आणि उद्यानाधिकारी यांच्या चरित्रांच्या आधारे लिहिला गेला आहे. ज्यांच्या नजरेवर आणि स्मरणावर या प्रवासांची सारी भिस्त होती, ते माग काढणारे स्थानिक लोक त्या इतिहासात चाकर म्हणून येतात; जाणकार म्हणून क्वचितच येतात. हे न्यून साधनांच्या स्वरूपातूनच कसे उद्भवले आणि पुढे ते कितपत भरून निघाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे पाहणे इष्ट होय. मराठीत फारसीच्या वाटेने आलेला 'सफर' आणि स्वाहिली भाषेतील 'सफारी' या दोहोंचे मूळ एकच अरबी प्रवासवाचक शब्द आहे. 'मुसाफर' हाही त्याच धातूचा. स्वाहिलीत 'सफारी' म्हणजे कोणताही प्रवास. शिकारीचा व वन्यप्राणिदर्शनाचा अर्थ त्यास युरोपीय भाषांत गेल्यावर चिकटला. हा शब्द पूर्व आफ्रिकेतला. दक्षिणेत तो मागाहून पोचला. प्रथा मात्र तेथे त्यापूर्वीच रुजली होती.

या प्रथेच्या आरंभकाळाचा एक महत्त्वाचा दुवा मुंबईशी जुळतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अभियंता अधिकारी विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा प्रकृतिस्वास्थ्यासाठी १८३६ साली केपला गेला व तेथून बैलगाड्यांचा तांडा घेऊन उत्तरेस वळला. न्देबेले राजा म्झिलिकाझी याची अनुज्ञा मिळाल्यावाचून त्या मुलखातील शिकार शक्य नव्हती. गाड्या खोइखोई चाकर हाकीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मगालीसबर्ग पर्वतात हत्तीच्या मागावर असताना त्यास काळ्या वर्णाचा, मागे वळलेल्या दीर्घ शिंगांचा एक हरिणवर्गीय प्राणी दिसला. त्याचे प्रवासवर्णन १८३८ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसने, म्हणजे मराठी पुस्तकेही छापणाऱ्या मुद्रणालयाने, प्रसिद्ध केले. प्राणिशास्त्रात या जातीच्या नावापुढे आजही 'हॅरिस, १८३८' अशी नोंद असते. त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना तो प्राणी अज्ञात असणे संभवत नाही. परंतु लिखित नोंद हाच शोधाचा पुरावा मानल्यामुळे त्यांचे ज्ञान हिशेबात आले नाही.

तथापि जे ग्रंथांनी गाळले, त्याची काही साक्ष शब्दांनी राखली आहे. 'इंपाला' हा शब्द झुलूतून, तर 'कुडू' व 'क्वाग्गा' हे खोइखोई भाषेतून युरोपीय भाषांत आले. परकीयांनी ही नावे कोणाकडून तरी ऐकली असली पाहिजेत. क्वाग्गाचा अखेरचा ज्ञात प्राणी १८८३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावला. नाव तेवढे उरले.

संरक्षणयुगातही हे चित्र लगेच पालटले नाही. १८९८ मध्ये साबी अभयारण्य घोषित झाले. १९२६ च्या कायद्याने त्यातून क्रूगर राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले आणि १९२७ मध्ये पर्यटकांच्या पहिल्या मोटारी आत आल्या. मोटारीतून पाहणाऱ्यास माग काढण्याचे प्रयोजन उरले नाही. शिवाय ज्यांना तो मुलूख पायाखालचा होता, त्यांनाच तेथून हलविण्यात आले. पाफुरी भागातील मकुलेके समाजाला १९६९ मध्ये सक्तीने उठविले गेले. त्यांची भूमी त्यांना १९९८ मध्ये परत मिळाली.

पायी सफारीने वाटाड्यास पुन्हा पुढे आणले. सध्याच्या झांबियातील लुआंग्वा खोऱ्यात नॉर्मन कार याने १९५० च्या सुमारास स्थानिक प्रमुख न्सेफू याच्या सहकार्याने पर्यटकांसाठी तळ उभारला व उत्पन्नाचा लाभ स्थानिक समाजास देण्याची व्यवस्था केली. झुलूलँडमधील उम्फोलोझी येथे इयन प्लेयर व त्याचा झुलू सहकारी मग्कुबू न्तोंबेला यांनी १९५९ पासून अरण्यातील पदयात्रा चालविल्या. न्तोंबेला निरक्षर होता. प्लेयरने पुढे आपल्या लेखनात त्यास गुरूचे स्थान दिले.

मार्गदर्शनाचा व्यवसाय झाल्यावर परीक्षा आल्या. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्षेत्र-मार्गदर्शकांची संघटना स्थापन झाली. लेखी परीक्षेत ग्रंथवाचकास लाभ असतो आणि निरक्षर जाणकार अपात्र ठरतो, ही जुनीच अडचण येथे नव्या रूपाने उभी राहिली. लुई लीबेनबर्ग याने १९९० नंतरच्या दशकात तीवर उपाय योजला. त्याच्या पद्धतीत परीक्षा जमिनीवरच होते: परीक्षक पाऊलखुणा दाखवितो, उमेदवार त्या वाचतो. प्राणी कोणता, कोणत्या पायाचा ठसा, चाल कशी, अशा प्रश्नांच्या उत्तरांवर श्रेणी ठरते. कालाहारीतील सान मागकाढ्यांसाठी त्याने चित्रचिन्हांवर चालणारे नोंदणीचे उपकरणही सिद्ध केले. लेखनविद्येवाचूनही आपल्या नावाने नोंद करण्याचे साधन त्यामुळे मागकाढ्याच्या हाती आले.

हॅरिसच्या तांड्यातील माणसांस हे साधन उपलब्ध नव्हते. म्हणून त्या काळच्या प्रवासवर्णनांचा उपयोग करताना प्राण्याची प्रथम नोंद कोणी केली, या प्रश्नाबरोबरच तेथवर वाट कोणी दाखविली, हा प्रश्नही अभ्यासकाने विचारणे अवश्य आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा मजकुरात सापडणार नाही. ते प्राणिनामांत, स्थलनामांत आणि अद्याप माग वाचणाऱ्यांच्या बोलींत शोधावे लागेल.