वत्सगुल्माचीं चित्रें आणि औंधचा संग्रह

वाशीम म्हणजेच वाकाटकांचें वत्सगुल्म. 1939 सालीं तेथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. परंतु याच शाखेंतील हरिषेणाचा सचिव वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें. तेव्हां तेथील चित्रेंहि वाशीमच्या दप्तरांतच मोडतात. हें मोल औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं जाणलें. स्वतः चित्रकार असलेल्या पंतांनीं चित्रकारांसह अजिंठ्यास जाऊन नकला करविल्या, 1932 सालीं लेण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, व जन्मभर जमविलेल्या चित्रशिल्पांसाठीं 1938 सालीं यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलें. संस्थान 1948 सालीं विलीन झालें. संग्रह औंधासच राहिला. बखरींच्या नकलांवर विसंबणाऱ्या आम्हीं या नकलांस मात्र नाक मुरडावें, हें विचित्रच! भिंतीवरील रंग झडत आहे. वाशीमच्या अभ्यासकांनीं तो डोंगर चढून ताडून पाहावें.