ऑगमेंटेड आणि डिमिनिश्ड कॉर्ड
पाश्चात्त्य संगीतातील तीन स्वरांच्या दोन अस्थिर कॉर्ड. मेजर कॉर्डचा पंचम अर्ध्या स्वराने चढवला की ऑगमेंटेड (सा, शुद्ध ग, कोमल ध), तर मायनर कॉर्डचा पंचम तेवढाच उतरवला की डिमिनिश्ड (सा, कोमल ग, तीव्र म) कॉर्ड होते. पहिलीत लगतच्या स्वरांत ४-४, दुसरीत ३-३ अर्धस्वरांचे अंतर असते. पंचमाचा आधार नसल्याने कानाला स्थिर कॉर्डची ओढ लागते : सी मेजरमध्ये बी-डी-एफ ही डिमिनिश्ड कॉर्ड वाजल्यावर बी वर सीकडे, एफ खाली ईकडे सरकतो. ऑगमेंटेड कॉर्ड सप्तकाचे ३ समान भाग करते. म्हणून पियानोवर अशा वेगळ्या कॉर्ड ४च. फ्रान्झ लिस्टने ‘फाउस्ट सिम्फनी’च्या (पहिला प्रयोग १८५७) प्रारंभी त्या चारही ओळीने योजून बाराही स्वर वापरले.