जुने रोहित्र : ओळख, तपासणी आणि पुनर्वापर

घरातील व्होल्टेज स्टॅबिलायझर, ध्वनिवर्धक किंवा इन्व्हर्टर बंद पडून भंगारात जातो, तेव्हा त्यातील रोहित्र, म्हणजेच ट्रान्सफॉर्मर, बहुधा सुस्थितीत असतो. त्यात हलणारा एकही भाग नसतो. लोखंडी पत्र्यांचा गाभा आणि त्याभोवती तारेच्या गुंडाळ्या एवढीच त्याची रचना असते. त्यामुळे तो अनेक दशके टिकू शकतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एस. पी. रोड अशा बाजारपेठांतून आणि गावोगावच्या भंगार दुकानांतून अशी रोहित्रे विद्यार्थ्यांच्या व कारागिरांच्या हाती येतात. मात्र त्यांवरील माहितीची पट्टी बहुधा गळून गेलेली असते. अशा वेळी रोहित्राचा प्रकार, त्याची गुणोत्तरे आणि त्याची शक्ती मोजमापाने ठरवावी लागते. अंदाजाने केलेल्या जोडणीत रोहित्र जळू शकते, तसेच जीवितहानीही होऊ शकते.

कार्याचे तत्त्व

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्या आधारे बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील कारोली झिपर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा डेरी या अभियंत्यांनी १८८५ मध्ये बंद गाभ्याचे व्यवहारोपयोगी रोहित्र तयार केले. प्राथमिक गुंडाळीला प्रत्यावर्ती विद्युतदाब दिला की गाभ्यात बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि दुय्यम गुंडाळीत, वेढ्यांच्या प्रमाणात, विद्युतदाब मिळतो. दोन्ही गुंडाळ्या परस्परांना जोडलेल्या नसल्याने वापरणारी व्यक्ती मुख्य वीजपुरवठ्यापासून विलग राहते. हे विलगीकरण शाबूत आहे की नाही, हा जुन्या रोहित्राच्या तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय.

प्रथम प्रकार ओळखावा

भंगारात मिळणारे प्रत्येक रोहित्र पुनर्वापरास योग्य नसते. पुढील चार प्रकार प्रथमच वेगळे काढावेत.

- मायक्रोवेव्ह ओव्हनमधील रोहित्र : याच्या दुय्यम गुंडाळीत सुमारे २,००० व्होल्ट दाब असतो आणि तिचे एक टोक बहुधा गाभ्यालाच जोडलेले असते. याचा धक्का प्राणघातक ठरतो. लाकडावर विजेने नक्षी जाळण्याच्या प्रयोगात ही रोहित्रे वापरून जगभरात अनेकांनी प्राण गमावले आहेत. घरातील गळती विद्युतखंडक, म्हणजे आरसीसीबी, दुय्यम बाजूच्या धक्क्यापासून संरक्षण देत नाही. हे रोहित्र हाताळूच नये.
- स्टॅबिलायझरमधील रोहित्र : हे बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असते. त्यात एकच गुंडाळी असून तिला अनेक टोके काढलेली असतात. त्यामुळे विलगीकरण मिळत नाही. कमी दाबाच्या टोकावरही मुख्य वीजपुरवठ्याचा धक्का बसू शकतो.
- संगणकाचा वीजपुरवठा संच व मोबाईल चार्जर यांतील रोहित्र : याचा गाभा काळसर, ठिसूळ फेराइटचा असतो व त्यात पत्रे दिसत नाहीत. ते हजारो हर्ट्झच्या वारंवारितेसाठी बनवलेले असल्याने ५० हर्ट्झच्या घरगुती विजेवर तत्काळ जळते.
- तेलाने भरलेले जुने रोहित्र : पूर्वी काही रोहित्रांच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, अर्थात पीसीबी, ही घातक रसायने वापरली जात. भारताने २०१६ मध्ये याविषयी आदेश काढून ३१ डिसेंबर २०२५ नंतर त्यांचा सर्व स्वरूपातील वापर निषिद्ध ठरवला. असे रोहित्र उघडू नये व त्यातील तेलाला स्पर्श करू नये.

रस्त्यालगतचे वितरण रोहित्र, ज्याला ग्रामीण महाराष्ट्रात 'डीपी' म्हणतात, ही वीजकंपनीची मालमत्ता असते. तिच्या साहित्याची चोरी हा विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३६ अन्वये गुन्हा आहे. अशा रोहित्राचे सुटे भाग कोणी विक्रीस आणल्यास ते घेऊ नयेत.

गुंडाळ्यांची ओळख

उरलेल्या, म्हणजे पत्र्यांचा गाभा असलेल्या लहान रोहित्रांची तपासणी वीज न जोडता सुरू करावी. तारांच्या रंगांवर विसंबू नये, कारण प्रत्येक उत्पादकाची पद्धत निराळी असते. मल्टिमीटर ओहमच्या मापनावर ठेवून कोणती टोके परस्परांना जोडलेली आहेत, याची नोंद कागदावर करावी. दाब कमी करणाऱ्या रोहित्रात प्राथमिक गुंडाळी बारीक तारेची व जास्त रोधाची असते. सुमारे ६० व्होल्ट-अँपिअरच्या रोहित्रात हा रोध काही दशक ओहम, तर त्याहून लहान रोहित्रात शंभर ओहमच्या पुढेही असतो. दुय्यम गुंडाळीची तार जाड असून तिचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. तीन टोकांच्या दुय्यम गुंडाळीत मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचा रोध जवळपास समान आल्यास ते मध्यटोक समजावे.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओतील रोहित्रात उच्चदाबाची दुय्यम गुंडाळी असते आणि तिचा रोध प्राथमिक गुंडाळीपेक्षाही जास्त असतो. तिलाच प्राथमिक समजून जोडणी केल्यास सर्व मोजमापे चुकतात. रेडिओतून काढताना कोणती तार स्विचकडे जात होती, याची नोंद करणे हा यावरचा खात्रीचा उपाय होय.

विलगीकरणाची तपासणी

प्राथमिक व दुय्यम गुंडाळी, तसेच प्रत्येक गुंडाळी व गाभा यांच्यात मल्टिमीटरवर कोणतीही जोडणी दिसता कामा नये. तथापि मल्टिमीटरच्या लहान बॅटरीला कमजोर झालेले आवरण उमगत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर वापरावा. वीजदुरुस्तीच्या कार्यशाळेत किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तो उपलब्ध असतो. सुस्थितीतील कोरडे रोहित्र दहापट किंवा शेकडो मेगाओहम दाखवते. एक-दोन मेगाओहम किंवा त्याहून कमी मूल्य आल्यास ते वापरू नये. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळाभर पडून राहिलेल्या रोहित्राचे मूल्य ओलाव्यामुळेही घटते. ते उन्हात किंवा मंद उष्णतेत वाळवून पुन्हा मोजावे. तरीही मूल्य वाढले नाही, तर रोहित्र बाद करावे.

विद्युतदाब कसा ठरवावा

अज्ञात रोहित्र थेट २३० व्होल्टला जोडू नये. माहितीच्या एखाद्या रोहित्रातून मिळणारा १२ व्होल्ट प्रत्यावर्ती दाब प्राथमिक गुंडाळीला द्यावा व दुय्यम बाजूला येणारा दाब मोजावा. समजा, तेथे १.२५ व्होल्ट मिळाले. तर गुणोत्तर ९.६ आणि २३० व्होल्टवर मिळणारा दाब सुमारे २४ व्होल्ट ठरतो. मध्यटोकापासून प्रत्येक बाजूला निम्मा दाब आल्यास ते १२-०-१२ व्होल्टचे रोहित्र होय.

त्यानंतर ६० वॉटचा तंतूचा दिवा एकसर जोडून रोहित्र २३० व्होल्टला लावावे. एलईडी दिवा येथे चालत नाही. दुय्यम टोके मोकळी ठेवावीत. दिवा क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला, तर गुंडाळ्या ठीक आहेत. तो पूर्ण तेजाने पेटला, तर आतील वेढे परस्परांना चिकटले आहेत असे समजावे. परदेशातून आलेल्या उपकरणांतील ११० किंवा ११५ व्होल्टची गुंडाळी थेट आपल्या विजेवर जळून जाते. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला गाभा ५० हर्ट्झवर अधिक तापतो.

शक्तीचा अंदाज

गुंडाळीच्या आतून जाणाऱ्या गाभ्याचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजावे, त्याला १.१५ ने भागावे व येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा. ही गुंडाळी कारागिरांची रूढ पद्धत आहे. ३ × ३ सेंटिमीटरच्या गाभ्याचे क्षेत्रफळ ९ असल्याने शक्ती सुमारे ६० व्होल्ट-अँपिअर येते. अशा गाभ्यावर एक व्होल्टसाठी सुमारे पाच वेढे लागतात, म्हणजे २३० व्होल्टसाठी सुमारे १,१५० वेढे. तारेच्या जाडीवरूनही पडताळा घेता येतो. एक मिलिमीटर व्यासाची तांब्याची तार साधारण २ ते २.५ अँपिअर प्रवाह सहन करते. अलीकडच्या स्वस्त रोहित्रांत ॲल्युमिनियमची तारही आढळते. तिची क्षमता कमी असते व तिला डाख देणे कठीण जाते. म्हणून टोकावरील आवरण किंचित खरवडून आतील धातू पाहावा.

वापरात आणताना

अंदाजित शक्तीच्या निम्म्या भारावर रोहित्र तासभर चालवावे, वीज खंडित करून मगच हात लावून पाहावे. हात टेकवता येत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर भार कमी करावा अथवा रोहित्र बाद करावे. प्राथमिक बाजूस योग्य फ्यूज लावणे, धातूची पेटी व गाभा अर्थिंगला जोडणे आणि उघडी टोके झाकणे अनिवार्य आहे. ६० व्होल्ट-अँपिअरसाठी अर्ध्या अँपिअरचा संथ फ्यूज पुरेसा ठरतो.

१२ व्होल्टच्या प्रत्यावर्ती दाबापासून डायोड व कपॅसिटरच्या साहाय्याने एकदिश दाब घेतल्यास भाराविना तो साडेपंधरा व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतो आणि रोहित्रातून अखंड घेता येणारा प्रवाह त्याच्या नोंदवलेल्या प्रवाहाच्या साधारण ६० टक्के राहतो. या मर्यादेत प्रयोगशाळेतील वीजपुरवठा संच, दारावरील घंटी व लहान ध्वनिवर्धक यांसाठी असे रोहित्र उत्तम काम देते. बॅटरी भारित करण्यासाठी मात्र दाब व प्रवाह नियंत्रित करणारे मंडल आवश्यक असते.

बाद झाल्यास

तांबे काढण्यासाठी तार जाळू नये, कारण आवरणातून विषारी धूर निघतो. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा टाकाऊ भाग नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे जावा, अशी त्यांत अपेक्षा आहे. पुनर्वापरामुळे लोखंड व तांबे यांची बचत होते, हे खरे. तथापि विलगीकरणाविषयी शंका असलेल्या रोहित्राची जागा त्या पुनर्प्रक्रियाकाराकडेच आहे.