हौस, व्यासंग आणि व्यसन



खेळणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आपल्याकडे फार पूर्वीपासून मानले गेले आहेत; एक हौशी खेळणाऱ्यांचा आणि दुसरा पट्टीच्या खेळणाऱ्यांचा. मोबाईलच्या पडद्यावर खेळणारीं हल्लींचीं मुलें हाच भेद ‘कॅज्युअल’ आणि ‘हार्डकोअर’ या शब्दांनीं दाखवितात. त्यांच्या बोलण्याचा एकंदर रोख असा असतो कीं, जो तासभर खेळून उठतो तो पहिला आणि जो रात्र रात्र जागतो तो दुसरा. हें तासांचें माप मला मान्य नाहीं. कडा हें नगर-बीड रस्त्यावरचें बाजारपेठेचें गांव. तेथें सायंकाळीं एखाद्या दुकानाच्या ओट्यावर चार मुलें माना खालीं घालून खेळतांना दिसलीं म्हणजे जाणारा-येणारा वडीलधारा माणूस “पोरें वायां गेलीं” एवढेंच म्हणून पुढें जातो. परंतु त्या चौघांत दोन हौशी, एक व्यासंगी आणि एखादा व्यसनीही असूं शकेल, आणि लांबून पाहणाराला चौघेही सारखेच दिसतात. व्यासंग आणि व्यसन यांचा हा घोटाळा आजचा नव्हे. तो किती जुना आहे आणि इतिहासानें त्याची उकल कशी करीत आणली, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत चौतिसावें सूक्त आहे. त्यांत फाशांच्या नादीं लागून घरदार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे. खेळण्याच्या तासांवरून पाहिलें तर त्याच्याइतका कसलेला खेळाडू कोणी नसेल! महाभारतांतील युधिष्ठिराची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. शकुनीला त्याच्याविषयीं नेमकी एकच गोष्ट माहीत होती कीं, या राजाला द्यूताची आवड दांडगी आहे पण द्यूत खेळतां येत नाहीं. आवड आणि जाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत हें शकुनीनें ओळखलें, आणि त्या एका ओळखीवर सर्व सभापर्व उभें राहिलें.

याहून बोधक गोष्ट वनपर्वांतील नलोपाख्यानाची. नलानें आपला भाऊ पुष्कर याच्याशीं खेळतां खेळतां राज्य घालविलें. लोकांनीं विनविलें, दमयंतीनें विनविलें, परंतु तो उठला नाहीं. पुढें बाहुक हें नांव घेऊन तो ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडाकडे एक दृष्टि टाकून त्याचीं पानें आणि फळें यांची संख्या सांगितली. नल रथ थांबवून खालीं उतरला आणि मोजूं लागला. संख्या बरोबर भरली, तेव्हां त्यानें घोडे हांकण्याच्या आपल्या विद्येच्या मोबदल्यांत राजाजवळची अक्षविद्या मागून घेतली. त्या काळीं बेहड्याच्याच फळांचे फासे करीत, हें लक्षांत घेतलें म्हणजे कवीनें तेंच झाड कां निवडलें तें कळतें. राज्य घालविणारा नल आणि तें परत जिंकणारा नल यांच्यांत खेळण्याच्या तासांचा फरक नाहीं; किंबहुना दुसरा नल मधल्या काळांत खेळलाच नव्हता. तो मोजावयास शिकला होता. पहिला नल हरला तरी उठेना, आणि दुसरा आपण कां हरलों हें समजल्यावांचून पुन्हां बसला नाहीं. व्यसन आणि व्यासंग यांच्यामधील रेषा मला येथेंच दिसते.

आतां हौसेकडे वळूं. हौस ही कांहीं व्यासंगाची कच्ची अवस्था नव्हे. तिचा धर्मच निराळा आहे, आणि तो पाहावयाचा तर बुद्धिबळाइतकें चांगलें उदाहरण नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासा’च्या पांचव्या विंशतींत बुद्धिबळाला साठांहून अधिक श्लोक दिले आहेत, राजानें मन रमविण्याचा तो एक प्रकार म्हणून. एकोणिसाव्या शतकांत औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनीं ‘क्रीडाकौशल्य’ नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहून नानाविध घरगुती खेळांचें वर्णन केलें. मराठवाड्याला खेळांचें शास्त्र नवें नाहीं, एवढेंच यावरून सांगावयाचें आहे.

देवळाच्या ओवरींत किंवा पारावर चालणारें बुद्धिबळ ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तेथील न्याय ठाऊक आहे. खेळणारे दोन आणि सांगणारे दहा. एखाद्यानें वजीर गमावला कीं बघ्यांपैकीं कोणीतरी “अरे, म्हाताऱ्याला चाल परत घेऊं दे” म्हणतो, आणि प्रतिपक्षीही हंसून घेऊं देतो. कारण डाव लवकर संपणें हें दोघांसही नको असतें. चहा यावयाचा असतो, गप्पा अर्ध्यावर असतात. येथें खेळ हा माणसांसाठीं वांकविला जातो. याला मी हौस म्हणतों, आणि हा शब्द मी कमीपणानें वापरीत नाहीं. शतकानुशतकें खेळ टिकला तो याच लोकांच्या ओट्यांवर.

पण या वांकविण्याची किंमत अशी कीं, खेळाचे नियम गांवोगांव निराळे झाले. आपल्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर सरकतें. किल्लेकोट नाहीं, त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं राजाला एकदां घोड्यासारखी उडी घेतां येते. प्यादें शेवटच्या घरांत पोंचलें तर ज्या पट्टींत पोंचलें त्या पट्टीचें मोहरें होतें. आणि प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर ती ‘बुर्जी’, म्हणजे पुरता विजय नव्हे. या ढोबळ गोष्टींवर एकमत असलें, तरी बारकाव्यांवर प्रत्येक मेळ्याचा स्वतंत्र कायदा होता. तोंपर्यंत खेळाडूची कीर्ति गांवाच्या शिवेपर्यंतच राहणार, कारण परगांवच्या माणसाशीं बसावयाचें तर आधीं अर्धा तास नियमांवर भांडावयास हवें! १८१४ सालीं मुंबईंत त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजींत छापलें गेलें. संस्कृतांत रचलेले डाव त्यांत युरोपीय पद्धतीला जुळवून मांडले होते. शंभरांहून अधिक डाव, आणि प्रत्येकाला एक नेमकें उत्तर. त्या उत्तरापुढें गप्पा चालत नाहींत कीं चाल परत घेणें चालत नाहीं. छापील डावाशीं एकट्यानें झुंजणारा तो वाचक म्हणजे नव्या अर्थानें व्यासंगी खेळाडू होय.

नियमांची ही अदलाबदल किती जड जाते, याचें उदाहरण म्हणजे पंजाबचा मीर सुलतान खान. लहानपणीं तो देशी पद्धतीनें शिकला. सर उमर हयात खान यांनीं त्याला १९२९ सालीं इंग्लंडास नेलें, आणि त्याच वर्षीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. १९३२ आणि १९३३ सालीं पुन्हां मिळविलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या सामन्यांत त्यानें कापाब्लांकाला, म्हणजे माजी जगज्जेत्याला हरविलें. तरीही डावाच्या सुरुवातीला तो अडखळे, कारण दोन घरें उडी घेणारें प्यादें आणि त्याभोंवतीं युरोपांत रचलेलें ग्रंथभांडार त्याच्या बाळपणांत नव्हतें. मधल्या आणि शेवटच्या खेळांत मात्र भलेभले त्याच्यापुढें नमले. १९३३ सालीं तो मालकाबरोबर परतला आणि मोठ्या सामन्यांतून कायमचा दिसेनासा झाला. जागतिक संघटनेनें त्याला ग्रँडमास्टर ही सन्मानपदवी दिली ती २०२४ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ साठ वर्षांनीं. हा उशीर मला आजही खुपतो.

महाराष्ट्रांत व्यासंगाला घर मिळालें तें सांगलींत. भाऊसाहेब पडसलगीकरांनीं १९४१ सालीं तेथें नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापिलें. मुलांनीं हात लावलेलें मोहरें चालविलेंच पाहिजे, चाली लिहून ठेवल्या पाहिजेत, हरलेला डाव पुन्हां मांडून पाहिला पाहिजे, ही शिस्त अशा मंडळांनीं घरोघर नेली. मला विचाराल तर चाली लिहून ठेवण्याची ही वही म्हणजेच हौशी आणि पट्टीच्या खेळाडूंमधील खरी भिंत आहे. हौशी खेळाडू विजय आठवतो आणि व्यासंगी खेळाडू पराजय लिहून ठेवतो. १९५५ सालीं एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तींत रामचंद्र सप्रे हे व्यंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरले. पुढें खाडिलकर भगिनींपैकीं रोहिणी यांनीं १९७६ सालीं पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरून पुष्कळांच्या भुंवया उंचावल्या आणि १९८१ सालीं आशियाई महिला अजिंक्यपद मिळविलें. २०२५ च्या जुलैंत नागपूरची दिव्या देशमुख बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

मैदानी खेळांची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती याच वाटेनें गेली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं खो-खोचे नियम बांधले. हुतुतूचे नियम बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं छापले. तोंवर अंधार पडेपर्यंत किंवा आई हांक मारीपर्यंत डाव चाले. नियमांनीं त्याला घड्याळ दिलें. त्या घड्याळाचा एक टप्पा असा कीं, १९ जानेवारी २०२५ रोजीं दिल्लींत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकांत भारताच्या मुलींनीं नेपाळला ७८-४० असें हरविलें, आणि त्या संघाची कर्णधार आपल्या बीड जिल्ह्याची प्रियांका इंगळे होती.

घड्याळाचें नांव निघालें तेव्हां आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांचें नांव टाळतां येणार नाहीं. कड्याच्या लोकांना तर तें घरचेंच. शाळेसाठीं रोज कित्येक मैल तुडविणारीं मुलें या दुष्काळी मुलखांत हजारों झालीं, आणि त्यांतली कितीतरी पळतही गेलीं. तें पळणें गरजेचें, फार तर हौसेचें. साबळे सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें गेले, आणि तेथें पळण्याला मोजमाप भेटलें. अडथळ्यांच्या ३००० मीटर शर्यतींत गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय उच्चांक त्यांनीं २०१८ सालीं मोडला, आणि मग स्वतःचाच उच्चांक पुनःपुन्हां मोडीत २०२४ च्या जुलैंत पॅरिसला ८ मिनिटें ९.९१ सेकंद या वेळेपर्यंत आणला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमला त्यांचें सुवर्णपदक सेकंदाच्या पांच शतांशांनीं हुकलें. पारावर पांच शतांश म्हणजे कांहींच नाहीं. तेथें दोघांनाही पहिला म्हणून मोकळे झाले असते.

आतां पुन्हां पडद्यावरच्या खेळांकडे येऊं. १९७८ सालीं जपानांत ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नांवाचें यंत्र निघालें; त्यांत त्या दिवशींचे सर्वांत अधिक गुण पडद्यावर टिकून राहात. नाणें टाकणाऱ्या मुलाला आपला प्रतिस्पर्धी दिसत नसे, पण त्याचा आंकडा दिसे. थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत अशा आंकड्यांची नोंदवही ठेवणारें केंद्र निघालें. म्हणजे वही येथेंही आली, आणि वहीमागोमाग वर्ग आले. २००६ सालीं ‘वी’ हें यंत्र घरोघर शिरून आजीआजोबाही खेळूं लागले, तेव्हां ‘कॅज्युअल’ या शब्दाला बराच भाव आला. डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनीं या वर्गावर एक ग्रंथच लिहिला. त्यांना असें आढळलें कीं, ज्यांना आपण वरवरचे खेळाडू म्हणतों तेही पुष्कळदां तासन् तास खेळतात. फरक असा कीं, त्यांना हवा असतो मधूनच सोडतां येणारा आणि संसाराच्या सवडीप्रमाणें वांकणारा खेळ. उलटपक्षीं दुसरा वर्ग खेळापुढें आपली सवड वांकवितो. हें वाचतांना मला पारावरचा तो म्हातारा आणि त्याचा परत मिळालेला वजीर आठवला.

एक गोष्ट मात्र पारावर नव्हती. तेथें चहा संपला कीं डाव मोडे. मोबाईलमधील पुष्कळ खेळ असे रचलेले असतात कीं, रोज न आल्यास कांहीं तरी बुडतें आणि पैसे टाकल्यास कांहीं तरी लवकर मिळतें. हा माणसासाठीं वांकणारा खेळ नव्हे, आणि माणसाला घडविणाराही नव्हे. अशा ठिकाणीं आठ आठ तास बसणाऱ्या मुलाला सवंगडी ‘हार्डकोअर’ म्हणतात तेव्हां त्याला एवढेंच विचारावें कीं, काल हरलास तो कां? त्यानें वाट, वेळ, चूक असें नीट सांगितलें, तर त्याला घटकाभर अधिक खेळूं द्यावयास माझी हरकत नाहीं. तो नुसताच “आतां जिंकतों, थांबा” म्हणाला, तर तो ऋग्वेदांतील जुगाऱ्याच्या घराण्यांतला.

सरकारनेंही हा भेद कायद्यानें करूं पाहिला आहे. आधीं २०२२ च्या डिसेंबरांत पडद्यावरील स्पर्धात्मक खेळांना केंद्राच्या क्रीडा खात्याकडे जोडून दिलें. आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यानें तीन कप्पे केले. ई-स्पोर्ट्स म्हणजे स्पर्धेचे खेळ, करमणुकीचे सामाजिक खेळ, आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ. पहिल्या दोहोंना उत्तेजन आणि तिसऱ्याला संपूर्ण बंदी, मग त्यांत कौशल्य असो कीं नशीब. नल-पुष्करांनीं आपला डाव आज पडद्यावर मांडला असता, तर त्यांचे दोन्ही डाव त्या तिसऱ्याच कप्प्यांत पडले असते. पहिला, ज्यांत राज्य गेलें, तो तर खराच, आणि ऋतुपर्णाकडून मोजावयास शिकून जिंकलेला दुसराही.