तळटीप : ‘सर्व्हर बसला’

१. साताऱ्या-सांगलीच्या सेवा केंद्रांत दाखल्यासाठी ताटकळणाऱ्यांना मिळणारे ठरलेले उत्तर. अशा यंत्रणेत सहसा दोन सर्व्हर एकामागे एक असतात. पुढचा वेब सर्व्हर (अपाची, एन्जिनएक्स) ब्राउझरची मागणी घेतो, चित्रे वगैरे स्वतःच देतो. अर्ज तपासण्याचे काम मागच्या ॲप्लिकेशन सर्व्हरचे. जावातल्या कामांसाठी तो बहुधा टॉमकॅट. दोघांची गाठ घालायला अपाचीत ‘प्रॉक्सीपास’ची एक ओळ पुरते. तिच्यात मागच्याचा पत्ता आणि पोर्ट द्यायचा. टॉमकॅटचा मूळचा ८०८०. जुनी मंडळी ८००९ वरून, एजेपी पद्धतीने जोडत. २०२० साली तिच्यात ‘घोस्टकॅट’ ही त्रुटी उघडकीस आली आणि टॉमकॅटने ते दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. उशीरच झाला म्हणायचा.

प्रस्तुत प्रसंगी पडद्यावर ५०३ हा त्रुटी-क्रमांक उमटल्याचे लेखक सांगतो. म्हणजे पुढचा अपाची जागा होता, मागच्या टॉमकॅटशी जोडणीच होत नव्हती. त्याच जागी एन्जिनएक्स असता तर बहुधा ५०२ दिसले असते. ‘केबल तुटली असावी’ हा लेखकाचा तर्क त्यामुळे पटत नाही. केंद्राची केबल तुटती, तर यांपैकी कोणताच आकडा तिथवर पोचला नसता. — संपा.