खरखर येते कुठून?

परवा कळंबच्या चिंतामणीला निघालो होतो. गाडी नातवाच्या हातात. त्याने पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "आबा, आजीचा आवाज ऐका." हिच्या अभंगांची जुनी कॅसेट त्याने कौतुकाने उतरवून घेतली होती. पण अभंगाबरोबर किर्र असा एक सूर आला आणि गाडी खड्ड्यात आदळली की खरखर. पोटात धस्स झालं! कॅसेटची फीत तर नंतर तुटलीच. उरलेली ही एकच प्रत, तीही बिघडली की काय?

तशी खरखर मला नवी नाही. लहानपणी घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि त्यावर १९४८ साली सुरू झालेलं नागपूर केंद्र लागायचं. मृगाच्या तोंडावर बातम्यांत कडकड सुरू झाली की वडील म्हणत, "आभाय भरून येऊन रायलं, कडबा झाका." आमच्या डोक्यावर ऊनच असायचं, पण दूरची वीज रेडिओला आधी कळायची.

हीच खरखर शोधण्याचं काम अमेरिकेत बेल कंपनीने कार्ल जान्स्की नावाच्या तरुण इंजिनिअरला दिलं होतं. समुद्रापलीकडच्या रेडिओ-टेलिफोनमध्ये ती व्यत्यय आणायची. त्याने फिरती अँटेना उभारली आणि खरखरीचे तीन प्रकार वेगळे काढले. एक जवळच्या विजांचा, दुसरा दूरच्या विजांचा. तिसरा म्हणजे सतत येणारी बारीक सूं. ती रोज ४ मिनिटं लवकर, म्हणजे ताऱ्यांच्या वेळेने येई. १९३३ साली त्याने जाहीर केलं की ती आकाशगंगेच्या मध्याकडून येते. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्म असा खरखरीतून झाला. आपल्या पुणे जिल्ह्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण याच शास्त्राची. माणसाने केलेली रेडिओची खरखर तिथे कमी, म्हणून ती जागा निवडली.

मोटारीतली खरखर मात्र घरचीच. १९३० साली पॉल गॅल्विन यांनी गाडीत बसवायचा रेडिओ आणला, नाव ठेवलं मोटोरोला. डोकेदुखी होती इंजिनाची. स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटी वीजच, आणि रेडिओ तीही पकडायचा. त्यांच्या माणसांनी एकेक उगम शोधून तो बंद केला. एडविन आर्मस्ट्राँग यांनी निराळी वाट धरली. खरखरीने लहरीची उंची बिघडते, म्हणून त्यांनी आवाज लहरीच्या वारंवारतेत बसवला. हेच एफएम. त्याची पेटंटं त्यांना १९३३ साली मिळाली. भारतात ते १९७७ साली मद्रासला आलं.

आमच्या गाडीत तर रेडिओ लावलेलाच नव्हता, तरी आवाज होताच. दुसऱ्या दिवशी यवतमाळातल्या एका कारागिराकडे गेलो. पोरगा विशीतला, पण रीत जान्स्कीची! त्याने आधी इंजिन बंद केलं. आवाज एकदम स्वच्छ! माझा जीव भांड्यात पडला, रेकॉर्डिंग शाबूत होतं. इंजिन सुरू केलं, पुन्हा किर्र. ॲक्सिलरेटर दाबला तसा सूर चढत गेला. "अल्टरनेटर आहे काका," तो म्हणाला. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी किर्र चालूच. म्हणजे ती पुढे ॲम्प्लिफायरच्या वायरींतून शिरत होती. डिकी उघडली तर ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावरच स्क्रूने लावलेली, तीही ढिली. त्याने रंग खरवडून वायर कोऱ्या पत्र्याला आवळली. आवाजाची वायर बॅटरीच्या वायरीला चिकटून गेली होती, ती दुसऱ्या बाजूने नेली. तासाभरात काम झालं.

मग तिथेच गाडीत बसून आम्ही सगळे अभंग ऐकले. इंजिन मुद्दाम सुरू ठेवून! मागे कॅसेटच्या फितीची बारीक सूं अजून आहे. नातू म्हणाला, "आबा, तीही कॉम्प्युटरवर काढता येते."

म्हटलं, राहू दे बाबा. ती कुठून येते ते मला माहीत आहे.