फायरवॉलचा सातबारा

आमच्या मुदखेडकडे शेतरस्त्याचं भांडण कसं सुरू होतं, ठाऊक आहे? वर्षानुवर्षं एकाच बांधावरून बैलगाडी जात असते, कुणी काही बोलत नाही. मग एक दिवस शेजारी सातबारा घेऊन येतो.. दाखव म्हणतो, यात तुझा रस्ता कुठे लिहिलाय?

२००१ च्या मे महिन्यात ओपनबीएसडीवाल्यांवर अगदी हीच वेळ आली. ही युनिक्सच्या घराण्यातली, सुरक्षिततेचं भलतंच वेड असलेली ऑपरेटिंग सिस्टम. थिओ डी राट हा तिचा कॅनडातला कारभारी. (स्वभावाने तिखट!) तिच्यातली फायरवॉल मात्र बाहेरची होती: ऑस्ट्रेलियाच्या डॅरेन रीडने लिहिलेली आयपीफिल्टर. नेटवर्कवरून येणारं प्रत्येक पॅकेट तपासायचं, नियमात बसलं तर सोडायचं, नाहीतर अडवायचं. सोर्स कोड सगळ्यांसमोर उघडा, त्यामुळे ओपनबीएसडीवाले त्यात हवे ते फेरफार बिनधास्त करत होते.

रीड म्हणाला, वापरायची आणि वाटायची परवानगी दिली होती, बदलायची कुठे दिली? लायसन्स उघडून बघितलं तर खरंच नव्हती! नेहमीच्या बीएसडी लायसन्समध्ये "बदल करून किंवा न करता" अशा अर्थाचे शब्द असतात. इथे नेमके तेच गायब. आणि कॉपीराइटमध्ये जे दिलं नाही ते मालकाकडेच राहतं. आपल्या १९५७ च्या कायद्यातही रूपांतराचा हक्क मालकाचाच आहे. रीडला लोकांनी खूप शिव्या घातल्या, पण माझ्या मते कागदावर तो बरोबर होता. वहिवाट ओपनबीएसडीची होती, एवढंच.

पण ज्या कोडमध्ये सापडलेलं भोक स्वतः बुजवता येत नाही, तो सांभाळणार कसा? दर वेळी मालकाला विचारायचं? थिओने मे संपता संपता आयपीफिल्टर सरळ उपटून टाकली. हातात पर्याय नसताना!

पर्याय आणला डॅनिएल हार्टमायर नावाच्या एका स्विस प्रोग्रामरने. त्याची पीएफ जूनमध्येच सोर्समध्ये आली आणि डिसेंबर २००१ च्या ३.० आवृत्तीबरोबर लोकांपर्यंत पोचली. नियम लिहायची पद्धत मुद्दाम आयपीफिल्टरसारखीच ठेवली होती, म्हणजे ॲडमिन लोकांचे हाल कमी. दरम्यान बाकीच्या सोर्सचीही झाडाझडती झाली. डॅन बर्नस्टाइनची क्यूमेल आणि डीजेबीडीएनएस ही पॅकेजेसही लायसन्सपायी बाहेर गेली. (२००७ मध्ये त्याने ती सार्वजनिक मालकीची करून टाकली. असो.)

पुढे पीएफ फ्रीबीएसडीत गेली, तिच्यावर पीएफसेन्स उभं राहिलं. तुमच्यापैकी कुणाच्या तरी ऑफिसात ते असेलच. पण इथे दुसरंच दुखणं निघालं. लायसन्स चोख, बदलायला पूर्ण मोकळीक, म्हणून दोन्हीकडे आपापले बदल होत गेले. २०१० मध्ये ओपनबीएसडीने ४.७ मध्ये नियमांची भाषा बदलली, फ्रीबीएसडी जुन्याच भाषेवर राहिली. तेव्हापासून इकडची दुरुस्ती तिकडे न्यायची म्हणजे हाताने शिवणकाम.

आणि आयपीफिल्टर? ती फ्रीबीएसडीत राहिली होती. रीडची त्यांना ना नव्हती. २०१३ मध्ये मात्र तीही काढून टाकायची चर्चा निघाली. या वेळी लायसन्सचा प्रश्न नव्हता, सांभाळायला माणूस नव्हता. शेवटी एक जण पुढे आला, त्याने नवी आवृत्ती बसवली, म्हणून ती टिकली.